वहिनीचा ब्लॉग, भाऊजींचं रॅप आणि बावन्न फुटांची विहीर

ब्लॉग लिहिणारा माणूस मोठा की रॅप म्हणणारा, हा वाद आमच्या घरात तीन वर्षं चालला, कारण घरात दोन्ही नमुने आहेत. ब्लॉग माझा. रॅप माझ्या धाकट्या दिराचं. मी मानवतच्या एका हायस्कुलात लिपिक आहे. हजेरीपत्रकांच्या बेरजा जुळवणं हे माझं काम. दिरांचं वय तेहेतीस. गावाच्या फाट्यावर त्यांचं दुकान आहे, तिथं ते पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देतात. लग्नासाठी छापलेल्या माहितीच्या कागदावर त्यांनी व्यवसायापुढे ‘मोटार दुरुस्ती व रॅपर’ असं लिहिलं आहे. गेल्या वर्षी पाहुणे आले तेव्हा मुलीच्या मामांनी बराच वेळ तो कागद पाहिला आणि विचारलं, “हे दुसरं काम बसून असतंय का फिरतीवर?”

“बसून,” भाऊजी म्हणाले. “गोधडीखाली.”

ते खोटं नव्हतं. आमच्या घरात आवाज न येणारी खोली नाही, म्हणून भाऊजी बाजेवर बसून अंगावर दोन गोधड्या घेतात आणि आत मोबाईल धरून गाणं भरतात, म्हणजे रेकॉर्ड करतात. भर मे महिन्यातसुद्धा. एकदा त्यांच्या गाण्यात माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. पुन्हा भरायचा कंटाळा म्हणून त्यांनी त्या तशाच ठेवल्या. त्याखाली जालन्याच्या कुणीतरी लिहिलं, ‘भाई, शिट्टीवाली बीट जबरदस्त.’ माझ्या ब्लॉगवर कुकरचा आवाज येत नाही, हा मी तोपर्यंत ब्लॉगचा फायदा समजत होते.

माझा ब्लॉग कशाबद्दल आहे ते आधी सांगते. आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या बाजूला, एक विहीर आहे. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नसत त्या काळात वस्तीतल्या लोकांनी ती स्वतःच्या हातांनी खणली. माझ्या सासऱ्यांचे वडील त्यांत होते. सासरे गवंडी होते. त्यांचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधायचं लोखंडी वजन, माझ्याकडे आहे. दोरीवर फुटाफुटाला खूण केली आहे. दर रविवारी सकाळी मी ओळंबा विहिरीत सोडते, दोरी किती कोरडी आणि किती ओली ते पाहते आणि पाणी किती आहे ते ब्लॉगवर लिहिते. गेली नऊ वर्षं. नऊ वर्षांचे चारशे अडुसष्ट रविवार होतात. त्यांतले नऊ चुकले: सहा आजारपणात, तीन माहेरी पेडगावला लग्नं होती म्हणून. बाकी चारशे एकोणसाठ नोंदी आहेत.

भाऊजींना हे लिखाण वाटत नसे. “वहिनी, तुमी पाणी मोजायलाव. लिहिणं वेगळं असतंय.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी बोलतो. दुश्मनाला जवाब देतो.”

“गावात तुमचं वैर कुणाशी आहे?”

“तसं कुणाशी न्हाई. पण रॅपमधी दुश्मन लागतोच.”

“मग एखादं नाव सांगा ना.”

“नाव काय करायचं? जनरल दुश्मन हाय.”

मला तेव्हा बरं वाटलं, कारण ब्लॉगवाल्याला दुश्मन आयता मिळतो. माझ्या प्रत्येक नोंदीखाली एक निनावी गृहस्थ ‘आकडा तपासा’ एवढंच लिहितात. मी तपासते. आकडा बरोबर असतो. पुढच्या रविवारी ते पुन्हा लिहितात.

पण खरं सांगायचं तर दोघांत फरक शोधायला बसलं की साम्यच जास्त सापडतं. ब्लॉगवाला पंधरा दिवस लिहीत नाही आणि मग ‘बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही, क्षमस्व’ अशी सुरुवात करतो. कुणी वाट पाहिलेली नसते. रॅपवाला दोन महिने गप्प राहतो आणि मग ‘आलोय परत’ म्हणून ओरडतो. तो गेला होता हे कुणाला माहीत नसतं. ब्लॉगवाला मागे पुस्तकांचं कपाट ठेवून फोटो काढतो. माझ्या फोटोतलं कपाट शाळेच्या ग्रंथालयाचं आहे. भाऊजींच्या गळ्यातली साखळी मानवतच्या बाजारातली आहे आणि घाम आला की मान हिरवी होते. संपादक दोघांनाही नाही. घरात नवरा आहे, पण तो आम्हा दोघांनाही रोज मोबाईलवर अंगठा देतो, न वाचता आणि न ऐकता, आणि त्यामुळे घरात शांतता राहते असं त्याचं म्हणणं आहे.

एकदा भाऊजींना लाजवावं म्हणून मी त्यांच्या शेवटच्या नऊ गाण्यांत ‘मी’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजलं. दोनशे चौदा. मग न्यायाची गोष्ट म्हणून माझ्या शेवटच्या नऊ मोठ्या नोंदींतले ‘मी’ मोजले. दोनशे नऊ. मी वही मिटायच्या आत भाऊजींनी ती पाहिली.

“पाच कमी पडले की वहिनी,” ते म्हणाले. “जोर लावा जरासक.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. ह्या मे महिन्यात ते तसं राहिलं नाही. ग्रामपंचायतीच्या मोबाईल गटावर सूचना आली: वस्तीत व्यायामशाळा मंजूर झाली आहे, मोकळी जागा दुसरी नाही, सबब विहारालगतची जुनी विहीर बुजवून ती जागा वापरण्याचा विषय पंधरा दिवसांनी ग्रामसभेत घेतला जाईल.

मी सूचना दोनदा वाचली. विहीर बुजवायला दोन दिवस लागतात. जेसीबी आणि मुरमाच्या काही खेपा. पुन्हा खणणारं आता कुणी नाही. त्या क्षणी माझं ठरलं की विहीर राहिली पाहिजे.

व्यायामशाळा वाईट होती असं नाही. वस्तीतल्या पोरांनीच ती मागितली होती, आणि त्यांचं बरोबर होतं. विहिरीचा कठडा एका बाजूने पडला आहे. मागच्या वर्षी एक शेळी आत पडली आणि एक लहान मूल थोडक्यात वाचलं. आता घरोघर नळ आहे, विहिरीचं पाणी कुणी पीत नाही. पण उन्हाळ्यात नळ सहा-सहा, आठ-आठ दिवस येत नाही, आणि तेव्हा धुणी, भांडी, जनावरं, विहारातली झाडं सगळी त्याच पाण्यावर चालतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाऊस पडला की सगळे विसरतात. म्हणून तर मी लिहून ठेवत होते.

मी ब्लॉगवर अकराशे शब्दांची नोंद लिहिली. पाच दिवस लागले. पुढच्या सहा दिवसांत तेवीस जणांनी ती उघडली. ब्लॉगवर वाचक किती वेळ थांबला तेही दिसतं: सरासरी एकेचाळीस सेकंद. मी घड्याळ लावून स्वतः वाचून पाहिलं. एकेचाळीस सेकंदांत माणूस दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यापर्यंत पोचतो. विहीर बुजवणार आहेत हे मी चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं.

“पहिल्या ओळीत कामून न्हाई लिहिलं?” भाऊजींनी विचारलं.

“आधी पार्श्वभूमी द्यावी लागते.”

“वहिनी, चारच दिवस राहिलेत सभेला. पार्श्वभूमी करीत बसलाव?”

ते उठले, बाजेवर गेले आणि गोधड्या ओढून घेतल्या. दुपारची दोनची वेळ होती. दीड तासाने बाहेर आले तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. गाणं दोन मिनिटं पन्नास सेकंदांचं होतं. त्यात पाचशे दहा शब्द, म्हणजे मिनिटाला एकशे ऐंशी. पहिल्याच ओळीत विहीर होती:

साठ फूट पाणी, कधीच न्हाई आटलं,
आज्याच्या हातानं खडकाचं पोट फाटलं.

त्यांनी ते मला ऐकवलं, पण आधी मोबाईलवर चढवलं आणि मग ऐकवलं. मला दुसरी ओळ फार आवडली. पहिलीवर मी अडले.

“भाऊजी, विहीर बावन्न फूट खोल आहे.”

“हाय ना.”

“बावन्न फुटांच्या विहिरीत साठ फूट पाणी कसं मावलं?”

“कविता हाय वहिनी.”

“आणि कधीच आटलं नाही? तीन उन्हाळ्यांमागं अकरा दिवस कोरडी पडली होती.”

“तवा मी पुण्याला होतो. मी काय बघितलं न्हाई.”

“निदान खाली दुरुस्ती लिहा.”

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना गोधडीवर फुलं भरायला सांगितलं होतं. “रॅपच्या खाली शुद्धिपत्र? वहिनी, दुनियेत आजवर एका बी रॅपरनं चूक कबूल केली न्हाई.”

माझ्या ब्लॉगवर खाली ‘दुरुस्ती’ असं एक कायमचं सदर आहे. एकदा पावणेनऊऐवजी नऊ फूट लिहिलं गेलं तर त्याचीही तिथं नोंद आहे. तेव्हा माझं काम सोपं होतं: भाऊजींनी नाही लिहिली तर मी माझ्या ब्लॉगवर लिहायची की गाण्यातला आकडा चुकीचा आहे. मी लिहिली नाही.

का नाही लिहिली तेही सांगते. पहिल्या दोन दिवसांत ते गाणं चार हजार वेळा ऐकलं गेलं. शाळेतला शिपाई ते गुणगुणत होता. मानवतच्या गाडीत एका अनोळखी बाईने मला विचारलं, “तुमच्याच गावची हाय का ती विहीर? सभा कधी हाय?” नऊ वर्षांत ग्रामसभेची तारीख मला कुणी विचारली नव्हती. माझ्या खऱ्या आकड्यांपेक्षा त्यांचा खोटा आकडा विहिरीसाठी जास्त काम करत होता, आणि मी ते होऊ दिलं. चार दिवस. भाऊजींनी आपल्या परीने मला मानही दिला: गाण्याखाली माझ्या ब्लॉगचा पत्ता टाकला.

सभेला एकशे त्रेसष्ट माणसं आली. ही संख्या मी हजेरीवहीतल्या सह्या मोजून सांगते. त्याआधी मी अकरा ग्रामसभांना गेले होते, त्यांतल्या आठ पुरेशी माणसं नाहीत म्हणून तहकूब झाल्या होत्या. कडुनिंबाखाली सतरंज्या कमी पडल्या. पोरं मोटारसायकलींवर बसली होती आणि भाऊजींच्या नावाने ओरडत होती. भाऊजी डोक्यावर टोपी ओढलेलं जाड जाकीट घालून आले होते. ऊन उतरलं होतं, पण हवा भट्टीसारखी होती.

उपसरपंच उभे राहिले. पलीकडच्या आळीतले, सोयाबीन आणि कापूस करणारे शेतकरी, बोलणं सावकाश, कपडे इस्त्रीचे. त्यांच्या हातात माझ्या ब्लॉगच्या छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता.

“मॅडम, एक इचारायचंय,” ते मला म्हणाले. “वस्तीत विहीर एकच हाय ना?”

“एकच.”

“गाण्यात साठ फूट पाणी हाय. तुमच्या या कागदावर विहीरच बावन्न फूट हाय. घर एक, विहीर एक, मग हिशोब दोन कसे?”

मागून एक पोरगा ओरडला, “वरचं आठ फूट टाकीत ठिवलंय का ओ, रॅपर?” सगळे हसले. भाऊजींनी टोपी आणखी खाली ओढली.

“पुढं ऐका,” उपसरपंच म्हणाले. “गाण्यात म्हनतेत कधीच न्हाई आटलं. इथं मॅडमनीच लिवलंय, अकरा दिवस कोरडी. मंजी आमी खोट्या गाण्यावर निर्णय घ्यायचा का? एक आकडा खोटा निघाला तर बाकीचे कामून खरे मानायचे?”

ते बरोबर बोलत होते. शाळेत एखाद्या पत्रकात एक बेरीज चुकली तर मीही पूर्ण पत्रक परत पाठवते. मी उभी राहिले. मी बसून राहायला आले नव्हते.

“कागदावरचं खरं आहे, गाण्यातलं चूक आहे,” मी म्हणाले. “ते चूक आहे हे मला चार दिवसांपासून माहीत होतं आणि मी गप्प राहिले, कारण त्याने लोक येत होते. ती चूक भाऊजींची नाही, माझी. त्यांना मोजता येत नाही, मला येतं.”

“वहिनी!” भाऊजी जाकिटातून म्हणाले.

“आता खरं ऐका. चारशे एकोणसाठ रविवार मी मोजलंय. दोन रविवारी विहीर कोरडी होती. चारशे सत्तावन्न रविवारी पाणी होतं. ती अकरा दिवस कोरडी पडली तो मे महिना. उरलेले वीस दिवस तिच्यात पाणी होतं. त्याच महिन्यात आपला नळ किती दिवस आला ते मी लिहिलंय. चार दिवस.”

सभेत कुजबुज झाली. नळाचा प्रश्न पलीकडच्या आळीलाही होता. विहाराच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या आत्या मोठ्याने म्हणाल्या, “चार कुठले, तीन म्हना. चवथ्याला नुसती हवा आल्ती.”

“चौथ्या दिवशी बावीस मिनिटं आलं होतं, आत्या,” मी म्हणाले.

“ही सून लय बारीक हिशोबाची हाय बाई,” आत्या म्हणाल्या, आणि आता हसणं वेगळं होतं.

उपसरपंचांनी कागद चाळले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “बावीस मिनिटं बी लिवलंय इथं.”

“तुम्ही सगळं वाचलंत?” मी विचारलं.

“मी नवा न्हाई वाचक. दर रविवारी वाचतो, पार खालपतूर. माझं रान वस्तीच्या खालच्या अंगाला हाय. तुमची विहीर दोन फूट उतरली की आठ दिवसांत माझी बोअर उतरती. त्यावरून मी पाण्याच्या पाळ्या ठरवितो.”

नऊ वर्षांत माझा ब्लॉग शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एक माणूस सापडला होता, आणि तो समोरच्या बाजूने उभा होता. मला आनंद झाला आणि त्याची लाजही वाटली.

“मग बुजवा कशाला म्हणता?” मी विचारलं.

“पाण्यासाठी न्हाई म्हनत. लेकरू पडलं तर जिम्मा कुणाचा? तुमच्या आकड्यात शेळी हाय का?”

होती. ‘आज एक शेळी पडली, वाचली’ अशी नोंद होती, पण उत्तर म्हणून ती सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, “कठडा आम्ही बांधू. वर लोखंडी जाळी बसवू. गाळ काढू. मृगाच्या आत. नाही झालं तर बुजवा, मी स्वतः सही करते.”

मृगाला चोवीस दिवस होते. तसाच ठराव झाला: मृगापूर्वी वस्तीने स्वखर्चाने आणि श्रमदानाने गाळ काढून, कठडा बांधून जाळी बसवावी, अन्यथा विहीर बुजवावी. हात वर करून मतं घेतली. जी पोरं गाणं ऐकायला आली होती ती कोणतंच गाणं न ऐकता परत गेली, पण हात वर करूनच गेली. ती भाऊजींनी आणली होती. मी आणली असती तर तेवीस आली असती आणि एकेचाळीस सेकंद थांबली असती.

घरी येताना भाऊजींनी जाकिटाची टोपी मागे सारली. मग म्हणाले, “मोजता येत न्हाई मला?”

“येतं. पण यमक आलं की विसरता.”

त्याच संध्याकाळी ते पुन्हा गोधड्यांखाली गेले आणि पहिली ओळ बदलून आले: अकरा दिस आटलं, बाराव्याला दाटलं. जुनं गाणं काढून टाकलं. ऐकणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी माझ्या ‘दुरुस्ती’ सदरात चार दिवसांच्या गप्प बसण्याची नोंद केली. त्याखाली निनावी गृहस्थांनी लिहिलं, ‘आकडा तपासा.’

मग काम सुरू झालं. विहिरीचा व्यास चौदा फूट, गाळ साधारण सहा फूट. म्हणजे नऊशे घनफुटांच्या वर. विहिरीतून गाळ वर ओढायची यारी भाऊजींनी एका गिऱ्हाइकाकडून मागून आणली. तिच्या डोलात, म्हणजे लोखंडी बादलीत, आठ घमेली मावत. माझ्या हिशोबाने दोनशे एकतीस खेपा. रोज चौदा केल्या तर सतरा दिवस, आणि जाळीला सात उरतात. भाऊजींनी दुकानातली मोटार लावून आतलं पाणी उपसलं. ते पाणी सोडलं विहाराच्या झाडांना.

पहिल्या दिवशी तीस माणसं आली. पाचव्या दिवशी सहा. मी हजेरी घेत होते, शाळेची सवय. भाऊजी प्रत्येक खेपेचा मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, त्यांचीही सवय. दोघांच्याही सवयीने गाळ निघत नव्हता. त्या दिवशी फक्त पाच खेपा झाल्या. मी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की या गतीने दीड महिना लागेल.

“वहिनी, ती हजेरी द्या हिकडं,” भाऊजी म्हणाले.

“कशाला?”

“तुमी म्हनता ना, दुश्मनाचं नाव सांगा. आज सांगतो.”

त्यांनी गैरहजर माणसांची नावं यमकात गुंफायला सुरुवात केली. ज्याने खुर्चीवर बसून सल्ले दिले त्याचं, ज्याने ‘उद्या येतो’ म्हणून चार उद्या घालवले त्याचं. ऐकवायच्या आधी मी यादी हातात घेतली आणि म्हणाले की एकही नाव तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. दोन नावं मी कापली: एक माणूस तापाने पडून होता, एक सोनपेठला बहिणीच्या घरी गेला होता. भाऊजी चिडले, कारण तापाच्या माणसाच्या नावाला फार चांगलं यमक जुळलं होतं. पण ते नाव गेलं. उरलेलं एकेचाळीस सेकंदांचं गाणं सकाळी सातला वस्तीच्या गटावर गेलं.

साडेसातला एक जण फावडं घेऊन आला आणि भाऊजींना म्हणाला, “माझं नाव काढ आधी, मग उतरतो.”

“आधी उतर. वर आलास की काढतो.”

दुसऱ्या दिवशी बावीस माणसं होती. त्यानंतर रोज संध्याकाळी मी भाऊजींना तपासलेली यादी देत असे आणि ते सकाळी ती म्हणत असत. कधी कधी आलेल्यांचीही नावं घेत. व्यायामशाळा मागणारी पोरं सर्वांत जास्त दिवस आली. त्यांना मी सांगितलं की व्यायामशाळेला जागा शोधायचं काम आता माझ्याकडे, आणि विहारामागची पडीक जागा टेपने मोजून त्यांना दाखवली. तीस बाय अठरा. ती गंभीरपणे ऐकत होती, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “वहिनींनी मोजलीय मंजी झाली म्हनायची. फकस्त चार परिच्छेद थांबा.”

गाळ टाकायचा कुठं हा प्रश्न आलाच नाही. काळा, भुसभुशीत गाळ. कामाच्या दुसऱ्याच दिवशी उपसरपंचांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. त्यांनी एक खेप रानात नेली, परत आले आणि इस्त्रीचा शर्ट काढून खांबाला अडकवून यारीच्या दोराला हात लावला. मी हजेरीत त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “वेळ बी लिवा. आठ वाजून दहा मिनिटं.”

सतरा दिवसांचं काम एकोणीस दिवसांत झालं. खाली खडक लागला, खडकाच्या फटीतून पाणी झिरपायला लागलं. मोजलं तर खोली अठ्ठावन्न फूट भरली. भाऊजी तळात उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. खालून ओरडले, “वहिनी, आता दोनच फूट कमी हायेत! खंदू का?”

“खडक आहे. वर या,” मी म्हणाले.

जाळी त्यांनीच जोडली. वेल्डिंगच्या तीन दिवसांत त्यांनी एकही गाणं भरलं नाही. कठड्याचं काम वस्तीतल्या दोन गवंड्यांनी केलं. मृगाला दोन दिवस राहिले असताना ग्रामसेवक आणि उपसरपंच पाहायला आले. ग्रामसेवकांनी जाळीवर पाय देऊन पाहिलं, मग दोन्ही पाय ठेवून उभे राहिले, आणि उडी मारून बघा असं पोरांनी म्हटल्यावर खाली उतरले. वहीत त्यांनी लिहिलं: गाळ काढला, कठडा बांधला, जाळी बसवली, विहीर बुजवण्याची आवश्यकता नाही. उपसरपंचांनी ते वाक्य वाचलं, ‘आवश्यकता नाही’च्या पुढे पूर्णविराम द्यायला लावला आणि सही केली.

जाळीला एक दार आहे, त्याला कुलूप. किल्ल्या दोन: एक विहारात, एक ग्रामपंचायतीत. नळ येऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. सही वाळली न वाळली तोच आत्या घागर घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, “तुमचं लिवणं, गाणं झालं असंल तर दार उघडा. माझी धुणी पडलीत.” भाऊजींनी दार उघडलं आणि दोर सोडला. मी बाजूला झाले, कारण आत्यांच्या मागे रांग लागली होती.